ऐंशी लाखांचं घर, चोवीस हजारांचं भाडं

पुण्यात पन्नाशीकडे झुकलेले चार नोकरदार एकत्र जमले की हा विषय निघतोच. राहायला एक फ्लॅट आहे, मुलांची शिक्षणं मार्गी लागली आहेत, हाताशी थोडी शिल्लक आहे. मग कुणीतरी म्हणतं, ‘एक घेऊन ठेवू, भाड्याने देऊ, भाड्यातून हप्ता फिटेल.’ हे वाक्य इतकं सरावाचं झालंय की त्यातला हिशेब कागदावर मांडायच्या फंदात कुणी पडत नाही.

मांडून बघू. उदाहरणादाखल एक टू बीएचके धरा, किंमत ८० लाख, भाडं महिना २४ हजार. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार, म्हणजे किमतीच्या ३.६ टक्के. पुण्यातल्या राहत्या घरांचा हा दर तीन ते चार टक्क्यांच्या आसपासच फिरतो. तेवढीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली तर व्याज याहून जास्त मिळतं आणि गळक्या नळासाठी रविवारी सकाळी फोनही येत नाही. मग मालक भाडं वाढवत का नाहीत? आणि ८० लाखांची वस्तू इतक्या स्वस्तात वापरायला मिळत असताना भाडेकरू जन्मभर भाड्यानेच का राहत नाहीत?

दोन वेगळे बाजार

भाडं येतं भाडेकरूच्या पगारातून, दर महिन्याला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या जोडप्याला घरभाड्यासाठी किती बाजूला काढता येतील, याला मर्यादा आहे. वाकडमध्ये तुम्ही पाच हजार वाढवून मागितले तर ते पुनावळ्याला किंवा रावेतला जातील. तुमच्या फ्लॅटची किंमत ८० लाख आहे की सव्वा कोटी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आजच्या पगारातून आजचं भाडं, एवढाच तो व्यवहार.

किमतीचं तसं नाही. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढची पंधरा-वीस वर्षं असतात. मेट्रो येईल, रस्ता रुंद होईल, शेजारच्या मोकळ्या जागेवर आयटी पार्क उभं राहील, हे सगळं तो आजच्या किमतीत मोजतो. शिवाय त्याला कर्ज मिळतं. म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा पगार तो आजच बाजारात आणून ओततो. भाडेकरूला पुढच्या वर्षाचा पगार आज आणता येत नाही. म्हणून किंमत पुढे पळते आणि भाडं मागून चालत येतं.

हे दोन बाजार किती वेगळे आहेत, ते २०२० साली पुण्याने पाहिलं. कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि हिंजवडी, खराडी, विमाननगरातली तरुण मंडळी लातूरला, जळगावला, नागपूरला आपापल्या घरी गेली. फ्लॅट रिकामे पडले, भाडी उतरली. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना भाड्याने दिलेल्या कॉट ओस पडल्या. किमती मात्र तशा कोसळल्या नाहीत. उलट राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं आणि नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली. पुढे कचेऱ्या उघडल्या तशी भाडी पुन्हा चढली. भाडेकरू गेला की भाडं जातं, तो आला की येतं. किंमत वेगळ्याच तालावर चालते.

तेव्हा भाड्यासाठी घर घेणारा खरं तर दोन व्यवहार एकदम करत असतो. एक भाड्याचा, जो बऱ्यापैकी खात्रीचा पण बारीक आहे. दुसरा किंमत वाढण्याचा, जो मोठा आहे पण निव्वळ अंदाजाचा. दुसऱ्याच्या भरवशावर घर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त ते भाड्याच्या नावाखाली घेऊ नये.

हातात किती उरतं

८० लाखांचं घर ८० लाखांत पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के आहे : पाच टक्के मूळ, एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एप्रिल २०२२ पासून एक टक्का मेट्रो अधिभार. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार होतात. नोंदणी फी एक टक्का, पण तिची कमाल मर्यादा ३० हजार. रंगकाम, पंखे, गीझर, किचन ट्रॉल्या, जाळीचे दरवाजे, एजंटाची दलाली असे २ लाख १० हजार धरू. एकूण ८८ लाख. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर त्यावर पाच टक्के जीएसटी आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही.

आता वर्षाचा जमाखर्च. एक महिना घर रिकामं राहिलं असं धरू. जुना भाडेकरू जाणं, रंग, नवा भाडेकरू येणं यात तेवढा काळ सहज जातो. जमा २ लाख ६४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजारांनी ३६ हजार. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सुमारे ३ हजार. महापालिकेचा मिळकतकर १४ हजार, दुरुस्त्या १५ हजार. दलाली दर दोन वर्षांनी एक महिन्याच्या भाड्याएवढी, म्हणजे वर्षाला १२ हजार. कराराचा निम्मा खर्च हजारभर. एकूण ८१ हजार वजा जाता राहिले १ लाख ८३ हजार. ८८ लाखांवर हे २ टक्क्यांच्या किंचित वर जातं. साडेतीनचे दोन झाले, तेही प्राप्तिकराच्या आधी.

‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हेही तपासू. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे ५२ हजार. पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ४२ हजार ५००. सगळा खर्च जाऊन भाड्याचे महिना सव्वापंधरा हजार हाती येतात, म्हणजे दर महिन्याला खिशातून ३६-३७ हजार घालायचे. ज्याला ते झेपतं त्याने जरूर घालावेत, पण हप्ता तोच फेडतोय, भाडेकरू नव्हे.

मिळकतकराच्या ओळीत एक खास पुणेरी गोष्ट दडलेली आहे. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते. ही सवलत १९७० पासूनची. मध्ये ती काढून घेतली गेली, बरीच ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. ती मिळवायला पीटी-३ अर्ज भरावा लागतो. घर भाड्याने दिलं की सवलतीचा हक्क संपतो. स्वतःच्या राहत्या फ्लॅटच्या बिलावरून दुसऱ्या घराच्या कराचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात.

भाडेकरू चौरस फूट भाड्याने घेत नाही

घर विकत घेताना आपण चौरस फुटाचा भाव विचारतो. भाड्याने घेणारा विचारतो, ‘टू बीएचके आहे का?’ हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. साडेसहाशे फुटांचा टू बीएचके आणि साडेआठशे फुटांचा टू बीएचके यांच्या किमतीत तिसाच्या घरात टक्क्यांचं अंतर असेल, भाड्यात ते बरंच कमी भरतं. म्हणून टक्केवारीत वन बीएचके आणि आटोपशीर टू बीएचके सहसा प्रशस्त थ्री बीएचकेच्या पुढे असतात. पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, तीन मजली उंच प्रवेशद्वार यांचे पैसे मालक दोनदा मोजतो, एकदा किमतीत आणि मग दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये. भाडेकरू त्यासाठी फार तर हजार-दोन हजार जास्त देतो.

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर भागातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींकडे याच कारणासाठी बघावं. लिफ्ट नाही म्हणून किंमत कमी असते, पण शाळा, मंडई, बसथांबा पायी अंतरावर असल्यामुळे भाडं त्या मानाने उतरत नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंतचं घर असेल तर भाडेकरू लिफ्टचं नावही काढत नाही. अशा इमारती पुनर्विकासात जाण्याची शक्यताही असते. मालकाच्या दृष्टीने ती लॉटरी असेलही, पण त्या लॉटरीची वाट बघताना घर दुरुस्तीविना ठेवणारे मालक मला कळत नाहीत. सोसायटीतल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत दहा वर्षं सहज जातात.

घर बघायला जाताना पहिला प्रश्न हा, की इथे राहायला कोण येणार? बिबवेवाडी आणि धनकवडीत कॉलेजांची मुलं येतील. ती जूनच्या आगेमागे घर शोधतात आणि वर्षअखेरीला सोडतात, म्हणजे फेब्रुवारीत ताबा मिळालेला फ्लॅट चार महिने रिकामा राहू शकतो. खराडी आणि मगरपट्ट्यात नोकरदार येतील, त्यांना कुठलाही महिना चालतो. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. तिथे भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. एका खोलीत चार खाटा टाकल्या की एखाद्या कुटुंबाकडून मिळालं असतं त्याहून बरंच जास्त भाडं जमतं. पण कुणी आलं, कुणी गेलं, कुणाचे पैसे बाकी, हे रोज बघावं लागतं. तो धंदा आहे, जागेवर बसून करायचा. अमेरिकेत बसून तो चालत नाही.

मेट्रोबद्दल जपून बोलावं लागतं. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे मार्ग आता धावताहेत. स्थानकापासून पाच-सात मिनिटं चालत असलेल्या घराला भाडेकरू पटकन मिळतो, हे खरं. पण ‘मेट्रोपासून दोन किलोमीटर’ या जाहिरातीला भाड्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. ते दोन किलोमीटर रिक्षाने जायचे असतील तर माणूस दुचाकीच काढतो.

पाण्याबद्दल मात्र जितकं विचाराल तितकं थोडं. महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. हद्द वाढली, जलवाहिन्या त्या वेगाने गेल्या नाहीत. समाविष्ट गावांतल्या कित्येक सोसायट्या टँकरवर जगतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. सोसायटीच्या ऑफिसात मार्च ते मेची टँकरची बिलं बघायला मागा, सेक्रेटरी कुरकुरला तरी मागाच. २०२५ च्या सुरुवातीला नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएस (गिलन बॅरे सिंड्रोम) या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथलं पाणी कुठून येतं हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. भाडेकरू तो आता घर बघतानाच विचारतो. आणि नदीकाठच्या घराची पूररेषा पाहा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. त्यानंतर तळमजल्यावर भाड्याने यायला कोण तयार होईल?

चौकट : सही करण्याआधी हातात हवेत

• भोगवटापत्र किंवा पूर्णत्वाचा दाखला. तो नसेल तर बाकीचे कागद बघण्यात वेळ घालवू नये.
• वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि इंडेक्स टू.
• जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड.
• सोसायटीचं ‘येणं बाकी नाही’ असं पत्र, मिळकतकराची आणि वीजबिलाची शेवटची पावती.
• नवं बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद. तिथे कार्पेट क्षेत्र लिहिलेलं असतं. हिशेब त्यावर करा, ‘सेलेबल’वर नाही.
• किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम वेगळे आणि जड, तिथे सीए गाठावा.

अकरा महिनेच का?

आता दुसरं कोडं. भाडेकरार अकरा महिन्यांचाच का? बारा का नाही? कुणालाही विचारा, ‘वर्ष झालं की भाडेकरू मालक होतो’ असं काहीतरी उत्तर मिळेल. हे उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागची भीती खरी आहे. ती कुठून आली हे कळल्याशिवाय आजचा करार नीट कळत नाही.

मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरची टंचाई होती, लोक शहरांकडे लोटत होते, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. पण टंचाई ओसरली तरी बांध तसाच राहिला. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत दोन खोल्यांचं भाडं दहा-वीस रुपये, आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या. एवढ्या भाड्यात मालक कौलं शाकारू शकत नव्हता. भाडेकरू स्वतःचे पैसे दुसऱ्याच्या भिंतीत घालणार नव्हता. मालक वाडा पडायची वाट बघत बसला आणि भाडेकरू बिल्डरची. बहुतेक ठिकाणी शेवटी बिल्डरच आला.

या कायद्यातून सुटायची एक वाट मालकांनी शोधली होती : भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लायसन्सी’ ठेवायचा. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५२ लायसन्सची व्याख्या करतं. भाडेकरूला जागेत हक्क मिळतो, लायसन्सीला फक्त वापरायची परवानगी. रेल्वेच्या आरक्षित बर्थवर तुम्ही स्टेशन येईपर्यंत निवांत झोपता, तिकीट तपासनीसही उठवत नाही, पण बर्थ तुमचा होत नाही, तसं हे. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो.

मग १९७३ साल उजाडलं. राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून सांगितलं की १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे कुणी जागेत राहत आहेत, ते सगळे संरक्षित भाडेकरू. रात्रीतून परवानगीचा हक्क झाला. आजही ‘देऊन बसाल आणि मग घालवताच येणार नाही’ असं जे आजोबा सांगतात, त्यांच्या मनात हे साल असतं. हजारो मालकांनी पुढची पंचवीस वर्षं जागा कुलूपबंद ठेवणं पसंत केलं. घरं असून भाड्याला मिळत नव्हती, ती या धसक्याने.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने ठेवलं, मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. राहत्या घराच्या लायसन्ससाठी मात्र त्याने वेगळं दार उघडलं. ते दार म्हणजे कलम २४.

या कलमानुसार लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. नाही सोडली तर मालक दिवाणी कोर्टाच्या लांब रांगेत न लागता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. राहणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. शिवाय मुदतीनंतर जितका काळ तो राहील तितक्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम त्याच्याकडून मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय, तो निर्णायक पुरावा.

म्हणजे संरक्षण देतो तो कराराचा कागद, अकरा हा आकडा नव्हे. तो आकडा आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर लोकांनी अकरा महिने लिहून नोंदणीचा खर्च वाचवला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली. करार एका महिन्याचा असो की साठ महिन्यांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जाचक भाग पुढे आहे : वाद झाला तर काय अटी ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं.

नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून दिलेलं ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे हेच ओढवून घेणं. त्यातून वाचतं किती? मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर पाव टक्का. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कमही भाड्यात मिळवतात, नाहीतर लोक पाच लाख डिपॉझिट आणि हजार रुपये भाडं असे करार करतील. २४ हजार भाडं, ७२ हजार डिपॉझिट, अकरा महिने : भाडं २ लाख ६४ हजार, डिपॉझिटचं व्याज ६ हजार ६००, यावर पाव टक्का म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार रुपये. एजंट घरी येतो, लॅपटॉपला लावलेल्या बारक्या यंत्रावर मालक, भाडेकरू आणि साक्षीदार अंगठा ठेवतात. आजीचा अंगठा तीनदा नाकारला जातो, मग ओल्या फडक्याने पुसून चौथ्यांदा घेतला जातो. कॅमेऱ्यात फोटो काढला की करार नोंदणी विभागाच्या मंजुरीसाठी जातो. कचेरीत जायचीही गरज नाही.

चांगला भाडेकरू असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करावा आणि दरवर्षीची पाच टक्के वाढ त्यातच लिहावी. दर अकरा महिन्यांनी नव्याने घासाघीस करण्यापेक्षा हे दोघांच्या सोयीचं. पहिले सहा महिने कुणीच सोडायचं नाही असा लॉक-इन आणि नंतर एक महिन्याची नोटीस, हे पुण्यात बऱ्यापैकी रूढ आहे.

सोसायटी आणि पोलिस

‘बॅचलरना देणे नाही’ ही पाटी पुण्यात जागोजागी दिसते. काही वेळा मालकाने लावलेली, बऱ्याचदा सोसायटीच्या धाकाने. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट लायसन्सवर देताना सोसायटीला आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, एवढंच अपेक्षित आहे. बिनभोगवटा शुल्काची हद्दही १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने ठरवली आहे : सेवाशुल्काच्या दहा टक्के, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. भाड्याच्या दहा टक्के मागणारी सोसायटी भेटली तर हा निर्णय दाखवावा. शिकणारी किंवा नवी नोकरी लागलेली मुलं वेळेवर भाडं देतात, जास्तही देतात. नाकारून मालक आपलाच बाजार लहान करतो.

तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी विचारा. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत. तिथे खर्चाची वाटणी जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त मेंटेनन्स.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं बंधनकारक आहे. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, दहा मिनिटांचं काम. ते न केल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो.

प्राप्तिकर

घरभाड्यावरचा कर लोकांना वाटतो त्याहून सोपा आहे. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करा, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरकार काही न विचारता सोडतं. आपल्या उदाहरणात २ लाख ५० हजारांतून ७५ हजार गेले, करपात्र राहिले १ लाख ७५ हजार. मेंटेनन्स, दलाली, रंग यांची वेगळी वजावट नाही, ते त्या ७५ हजारांतच धरलेलं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला उपकरासह ५४ हजार ६०० कर बसेल. १ लाख ८३ हजारांतून तो वजा केला की ८८ लाखांवर दीड टक्कासुद्धा पुरता उरत नाही. कर्ज असेल तर व्याज भाड्यातून वजा होतं. मात्र नव्या करपद्धतीत त्यातून येणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत करता येतो.

भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के आहे. आणि पुण्यात घरोघरी लागू पडणारी गोष्ट : मालक मुलगा न्यू जर्सीत असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूला ३० टक्क्यांहून जास्त टीडीएस कापावा लागतो. हे आई-वडिलांनी भाडेकरूशी आधी बोलून घ्यावं. तो चुकला तर आयकर खातं वसुलीसाठी त्याच्याच मागे लागतं.

किल्ली देताना आणि घेताना

भांडण होतं ते बहुतेक वेळा डिपॉझिटवरून, आणि डिपॉझिटचं भांडण होतं ‘हा डाग आधीपासून होता’ यावरून. किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूला सोबत घेऊन मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करा. प्रत्येक नळ उघडा, प्रत्येक दिवा लावा, बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यातली ओल, सिंकखालची फळी, ओट्याच्या कडप्प्याला पडलेली चीर दाखवा, वीजमीटरचा आकडा मोठ्याने वाचा आणि ते चित्रण लगेच त्याला पाठवा. पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड यांची यादी कराराला जोडा. दुरुस्तीचं सूत्र साधं ठेवावं : भिंत, नळजोडणी, वायरिंग मालकाचं. बल्ब, नळाचा वायसर, तुंबलेली मोरी भाडेकरूचं. पावसाळ्यात वरच्या फ्लॅटमधून गळती आली तर वरच्या मालकाशी आणि सोसायटीशी बोलायचं काम तुमचं, भाडेकरूला त्यांच्या दारात पाठवू नका.

भाडं थकलं तर पहिल्याच महिन्यात लेखी विचारा, साधा मेसेजही चालेल. दोन महिन्यांची बाकी झाली की डिपॉझिट जवळजवळ संपलेलं असतं आणि तुमच्या हातात धाक उरत नाही. रागाच्या भरात पाणी-वीज तोडण्याचा किंवा कुलूप बदलण्याचा मोह आवरावा. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतं, आणि तोवर तुमच्या बाजूने असलेलं प्रकरण एका दिवसात उलटतं. त्याऐवजी करारातल्या अटीप्रमाणे नोटीस, आणि मुदत संपली असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज.

घर सोडण्याच्या दिवशी तेच चित्रण समोर ठेवून फिरा. वापराने भिंत थोडी मळणारच, त्याचे पैसे कापू नयेत. एक महिन्याच्या भाड्याएवढे रंगाचे पैसे सरसकट कापायची पद्धत काही मालकांनी पाडली आहे. ते करारात लिहिलेलं नसेल तर ती निव्वळ लूट आहे. उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून परत करावं. अडचण एकच येते, महावितरणचं आणि गॅसपाइपचं शेवटचं बिल नंतर येतं. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये मागे ठेवून बिल आल्यावर हिशेब मिटवायचा, ही ओळ करारात सुरुवातीलाच घालून ठेवावी.